हात पोचेल तिथे कळ

फोडणी करणाऱ्या बाईकडे कधी नीट पाहिले आहे का? तिची नजर असते कढईवर. मोहरी तडतडली की तिचा हात न बघता मिसळणाच्या डब्यात जातो आणि नेमका हळदीच्या वाटीतच पडतो. हिंगाची डबी कुठे, जिरे कुठे, हे तिला आठवावे लागत नाही, हाताला ते ठाऊक असते. आता हीच बाई चार दिवस लेकीकडे जाऊ दे. लेकीने हौसेने घेतलेले चकचकीत, एकसारखे स्टीलचे डबे फळीवर ओळीने मांडलेले असतात. पहिल्याच सकाळी जावयाच्या चहात मीठ! सगळे हसतात, आईच्या वयाला दोष देतात आणि विषय संपतो. डब्यांना कोणी दोष देत नाही.

विमानांच्या बाबतीतही बरीच वर्षे असेच चालले होते. दोष चालकाला, डबे सुटले. म्हणून आज मिसळणाच्या डब्यावरून थेट विमानात.

या सदरात विमान कुठून आले, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरातूनच आले. माझे माहेर बेळगावचे, मी दिली पणजीला आणि धाकटी बहीण पेडण्याला. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून तिच्या अंगणातून येणारी-जाणारी विमाने दिसतात, आणि प्रत्येक विमानाला ती मनातल्या मनात हात जोडते. कारण तिचा मुलगा, माझा भाचा, गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत आहे आणि तिथे मोटारीच्या गॅरेजमध्ये विमान बांधतो आहे. खेळण्यातले नव्हे, दोन माणसे शेजारी-शेजारी बसून उडतील असे खरेखुरे. पत्रे, सांगाडा, रिव्हेट असा सगळा संच विकत मिळतो. निम्म्याहून अधिक काम शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केले असेल, तर तपासणी होऊन तिथे अशा विमानाला 'प्रयोगात्मक' वर्गात उडण्याचा परवाना मिळतो. हौशी मंडळी यालाच ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. अशी घरी बांधलेली हजारो विमाने तिकडे उडतात.

आपल्या लोकांना हे वेड नाही असे मात्र समजू नका. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये 'व्हीटी-एनएमडी' अशी त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी उड्डाणे झाली. ते गच्चीवरून खाली कसे उतरवले असेल, हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे!

तर गेल्या चवथीला भाचा आणि सूनबाई पेडण्याला आली. सूनबाई धारवाडची. त्यामुळे त्या घरात सासू-सुनेचे बोलणे मराठीत सुरू होते, कन्नडात वळते आणि कोणी पाहुणा आला की कोकणीत संपते. दोघांच्या सामानात कपड्यांपेक्षा कागदच जास्त. आरती आटोपताच भाचा माझ्याकडे आला. मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्ररेखन शिकवले, हे तो विसरलेला नाही.

"मावशी, पंख झाले, शेपूट झाली, इंजिन बसलं. आता पॅनेल राहिलंय, आणि तिथंच अडलंय."

मोटारीत डॅशबोर्ड असतो तसे विमानात चालकापुढे पॅनेल असते. त्याच्या विमानातले ते साधारण साडेतीन फूट रुंद आणि जेमतेम फूटभर उंच, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. त्यावर वेग, उंची, दिशा, इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, इंधन, रेडिओ आणि डझन-दीड डझन कळा. कारखान्यातून येणाऱ्या विमानात कुठे काय बसवायचे हे आधीच ठरलेले असते. घरी बांधणाऱ्याच्या हाती मात्र कोरा पत्रा येतो. भोक कुठे पाडायचे हे त्याचे त्याने ठरवायचे, आणि एकदा पाडले की पाडले. लुगड्याच्या काठाला कात्री लावण्यासारखे आहे ते.

संगणकावर काढून आणलेले त्याचे चित्र फार देखणे होते. मध्ये दोन मोठे पडदे, दोन्ही बाजूंना सारखी जागा, खाली एका ओळीत बारा कळा, सगळ्या एका मापाच्या, चांदीसारख्या. माटोळीला टांगलेल्या फळांसारखे सगळे तोलून बसवलेले. माझी बहीण चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग तिने एवढेच विचारले, "ह्यातलं मीठ कुठलं रे?"

तिला ठाऊक नव्हते, पण हाच प्रश्न १९४३ साली अमेरिकेत एका मानसशास्त्रज्ञाने विचारला होता. त्याचे नाव अल्फोन्स चापानिस. बी-१७ ही बाँबफेकी विमाने सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. चालकाने फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, मिटण्याऐवजी चाके मिटलेली असायची! चालक थकलेले, बेफिकीर, अशी कारणे दिली जात. चापानिसने विमानात बसून पाहिले तर चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारी-शेजारी, आणि हाताला अगदी एकसारखी. ज्या विमानांत या दोन कळा वेगळ्या ठिकाणी होत्या, तिथले चालकही तेवढेच थकत होते, पण त्यांच्या हातून हे होत नव्हते. त्याने सुचवलेला उपाय पोराच्या खेळण्यासारखा होता. चाकांच्या कळीला रबराचे छोटे चाक लावा आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. हाताला कळले की झाले. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी चालकांकडून ४६० चुकांचे प्रसंग गोळा करून तपासले. त्यांतही एका कळीऐवजी दुसरीच ओढली, हा प्रकार सर्वांत मोठा निघाला. आज लहान विमानात थ्रॉटलची मूठ काळी, पंख्याची निळी आणि इंधन-हवेच्या मिश्रणाची लाल असते. तिन्हींचे आकारही वेगळे असतात. रंग डोळ्यांसाठी आणि आकार हातासाठी.

म्हणून ती बारा कळांची ओळ आम्ही मोडली. इंजिन चालू ठेवणाऱ्या कळा एका गटात, दिव्यांच्या दुसऱ्या गटात, मध्ये चांगली तीन बोटे जागा. चुकून लागली तर घात होईल अशा कळीवर उचलायचे झाकण. देखणेपणा थोडा गेला खरा, आणि भाचा थोडा हळहळलाही.

पण हे सगळे कागदावर. कागदावर बसून कोणाला विमान चालवता येत नाही. तेव्हा शेजारच्यांचा फ्रिज आलेला मोठा पुठ्ठ्याचा खोका मागून आणला. त्यातून पूर्ण मापाचे पॅनेल कापले. बैठ्या दोन खुर्च्या पडवीत बरोबर मापाने मांडल्या, पायांच्या पेडलच्या जागी दोन विटा, हातातल्या दांड्याच्या जागी लाटणे, आणि खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्यांसाठी सूनबाईच्या दोन ओढण्या. टाकी बदलायच्या कळीसाठी बहिणीने जुन्या शेगडीची कळ शोधून दिली. ज्यांना विमान बांधायचे नाही त्यांनाही मी सांगेन, नवे स्वयंपाकघर करण्यापूर्वी एकदा असा पुठ्ठ्याचा ओटा करून त्यावर चार दिवस लटका स्वयंपाक करून बघा. मिस्त्रीला दिलेल्या अर्ध्या शिव्या वाचतील.

खुर्च्या मांडल्यावर पहिले माप घेतले ते डोळ्याचे. हे मला भाच्याने शिकवले आणि मला फार पटले. आपण घरात सगळी मापे जमिनीपासून घेतो. विमानात ती डोळ्यापासून घेतात. बसलेल्या माणसाचा डोळा नेमका कुठे असावा हे आधी ठरवायचे, म्हणजे पुढचे आकाशही दिसेल आणि मान न हलवता पॅनेलही दिसेल. मग त्या डोळ्यासाठी आसन वर-खाली करायचे. माणूस बुटका असेल तर त्याच्याखाली गादी वाढवायची, पॅनेल खाली ओढायचे नाही.

आता त्या नजरेसमोर काय ठेवायचे? याचे उत्तर मात्र जगाने शोधून ठेवले आहे, आपले डोके चालवायचे नाही. मधोमध कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान सरळ आहे की कलले आहे ते दाखवणारे यंत्र. त्याच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. इंग्रजी टी अक्षरासारखी मांडणी. ब्रिटिश हवाई दलाने १९३० च्या दशकातच सहा यंत्रांची ठरावीक मांडणी करून टाकली होती, त्याचेच हे पुढचे रूप. ढगात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नाही, शरीराला कललेले सरळ वाटते आणि सरळ असलेले कललेले. अशा वेळी चालकाची नजर मधून डावीकडे, पुन्हा मध्ये, मग उजवीकडे अशी फिरत राहते, माळ ओढावी तशी. आता काट्यांच्या जागी पडदे आले, तरी त्या पडद्यांतही वेग डावीकडेच आणि उंची उजवीकडेच. पडदा बंद पडला तर म्हणून वेगाचे आणि उंचीचे छोटे वेगळे यंत्र, स्वतंत्र बॅटरीवर. भाच्याने मग फोन ठेवायची जागा, गाणी लावायचे यंत्र, पेल्याची कडी असे एकेक काढायला सुरुवात केली, तेव्हा सूनबाईने खुर्चीतूनच हात केला, "इष्टु साकु!"

तिला हा अधिकार आहे. विमान चालवायचा परवाना तिच्याकडेही आहे. आणि आता जे सांगणार आहे, ते तिच्यामुळेच लक्षात आले.

त्या आधी एक जुनी गोष्ट. जॉन डेन्व्हर हा अमेरिकेचा फार लाडका गायक. तो कसलेला वैमानिकही होता, २७०० तासांहून अधिक उड्डाण झालेला. १९९७ मध्ये त्याने लाँग-ईझी नावाचे घरी बांधलेले विमान विकत घेतले. त्याने बांधलेले नव्हे, दुसऱ्या कोणी बांधलेले. बर्ट रुटान या नामांकित रचनाकाराचा हा आराखडा. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले बंगळुरूला आहेत त्यांना हे ऐकून बरे वाटेल, की तिथल्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात याच लाँग-ईझीवरून एक हलके संशोधन विमान बांधले होते. १९९३ मध्ये उडालेल्या 'हंसा' या दोन आसनी विमानाआधीचा तो धडा.

रुटानच्या आराखड्यात टाकी बदलायची कळ चालकाच्या पुढ्यात, दोन पायांच्या मध्ये आहे. डेन्व्हरने घेतलेले विमान ज्याने बांधले, त्याने ती तिथून हलवली. चालकाजवळून इंधनाची नळी जाऊ नये, आगीचा धोका नको, हा त्याचा हेतू. म्हणजे सुरक्षिततेसाठीच त्याने ती कळ चालकाच्या डाव्या खांद्याच्या मागे भिंतीवर बसवली. तिच्यावर खूण नव्हती. मूठ उजवीकडे फिरवली की डावी टाकी, खाली केली की उजवी आणि वर केली की इंधन बंद. किती इंधन उरले ते दाखवणाऱ्या नळ्याही मागे, चालकाला न दिसणाऱ्या. उडण्याआधी तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला, मागचे बघायला. कळीपर्यंत हात पोचणे अवघड आहे यावर दोघांचे बोलणेही झाले. पाय पेडलपर्यंत नीट पोचावेत म्हणून त्याने पाठीमागे उशी घेतली आणि १२ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी तो कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरावर उडाला. काही वेळात विमान कलले आणि सरळ समुद्रात गेले. तो त्रेपन्न वर्षांचा होता.

चौकशी करणाऱ्यांनी तसेच दुसरे विमान घेऊन पाहिले. डाव्या खांद्यामागची कळ फिरवायची तर उजवा हात दांड्यावरून काढावा लागतो आणि कमरेपासून वळावे लागते. वळताना आधारासाठी उजवा पाय आपोआप ताठ होतो आणि उजव्या पेडलवर दाबला जातो. पेडल दाबले की विमान उजवीकडे वळते. टाकी बदलताना लक्ष विचलित झाले आणि न कळत पेडल दाबले गेले, असा निष्कर्ष निघाला. कळीची जागा हेही त्यात कारण म्हणून नोंदले गेले.

हे मी वाचले तेव्हा मला सर्वांत जास्त खटकली ती उशी. माणूस उंचीने कमी पडला, उशी घेऊन त्याने जुळवून घेतले, आरसा घेऊन जुळवून घेतले. आपण सगळेच असे जुळवून घेत असतो. आजूबाजूला बघा, किती बायका पाटावर उभ्या राहून उंच ओट्यावर पोळ्या लाटतात! कोणी ओटा कमी करत नाही.

आता आमच्या पडवीत या. भाचा पावणेसहा फूट उंच, सूनबाई जेमतेम पाच फूट. त्याच्या विमानाला दोन टाक्या, एकेका पंखात एक. दोन्हींतून एकदम इंधन घेता येत नाही, दर अर्ध्या-पाऊण तासाने बदलावी लागते, नाहीतर एक पंख जड आणि एक हलका. बदलायची कळ दोन आसनांच्या मधे, खाली जमिनीवर. डाव्या आसनावरच्याचा डावा हात दांड्यावर, उजवा मोकळा. भाचा बसला, ओढणी आवळली, हात खाली टाकला, कळ फिरवली. सोपे.

मग ती बसली. पाय विटांना लागेनात म्हणून पाठीमागे उशी घेतली. (मी भाच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे.) ओढण्या खांद्यावरून घट्ट आवळल्या. "डोळे मीट," तो म्हणाला. हवाई दलात शिकणाऱ्यांची अशी परीक्षा घेतात, डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक कळ शोधायला लावतात. थ्रॉटल सापडले, रेडिओ सापडला, दिव्याची कळ सापडली. टाकीची कळ सापडेना. बोटांची टोके लागत होती, मुठीत येत नव्हती. जोर केला की खांदा ओढणीत अडकायचा. ओढणी सैल केली तर हात पोचला, पण मान खाली गेली आणि डोके पॅनेलच्याही खाली. उडताना असे केले तर बाहेरचे काहीच दिसणार नाही. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "कैगे निलुकूदिल्ल."

पडवीत कोणी काही बोलले नाही. सात वर्षे तो हे विमान बांधतो आहे, तिनेही शेकडो रिव्हेट ठोकल्या आहेत. कितीतरी वेळा ती त्या अर्धवट विमानात बसलीही असेल. पण पट्टे बांधून, उशी घेऊन, डोळे मिटून नव्हे. बहीण आत निघून गेली. चहा ठेवायला गेली, असे म्हणाली.

उपाय तसा साधा निघाला. झडप जमिनीवरच राहू द्यायची, तिला उभा दांडा जोडून मूठ चार-पाच इंच वर आणायची. मुठीला लांब टोक, ते ज्या बाजूला वळेल त्या बाजूची टाकी. डावीकडे डावी, उजवीकडे उजवी. बंद करायचे असेल तर आधी खिट्टी उचलायची, चुकून बंद होता कामा नये. आणि पाठीमागच्या उशीऐवजी पेडलच पुढे-मागे सरकतील अशी सोय. शेगडीची कळ नारळाच्या पुठ्ठ्यावर उंच करून पुन्हा परीक्षा घेतली. पाच वेळा डोळे मिटून पाचही वेळा हात बरोबर पडला.

"पण बहुतेकांना ती खालची कळ चालते," असे भाचा एकदा पुटपुटला खरा. या 'बहुतेकां'ची एक गंमत आहे. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलाने आपल्या ४०६३ वैमानिकांची मापे घेतली. विमानातली आसने आणि पॅनेले सरासरी माणसासाठी केलेली होती, ती सरासरी नव्याने काढायची होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने दहा मापे निवडली, उंची, छाती, हाताची लांबी वगैरे, आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती ते मोजले. उत्तर आले शून्य. चार हजारांत एकही नाही! कोणाचे हात लांब आणि पाय आखूड, कोणाचे उलटे. सरासरी माणसासाठी केलेले विमान कोणालाच नीट होत नव्हते. म्हणूनच सरकणारी आसने, सरकणारी पेडले, लांब-आखूड होणारे पट्टे लागतात. मोटारीत बसल्यावर आपण आसन पुढे ओढतो, त्यामागेही हीच विचारसरणी आहे.

डोळ्यांची गोष्ट राहिली. भाच्याला चाळिशी लागली आहे. पॅनेल डोळ्यांपासून साधारण सत्तर सेंटिमीटरवर. वाचायच्या चष्म्याला ते लांब आणि लांबच्या चष्म्याला जवळ. दोन काचांचा चष्मा असेल तर खालच्या काचेतून बघायला मान वर करावी लागते आणि तासाभरात मान दुखते. चष्मेवाल्याला पॅनेलचे अंतर मोजून सांगणे आणि अक्षरे मोठी ठेवणे, एवढेच करता येते. अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या हिश्श्याइतकी तरी असावी असा ढोबळ नियम आहे, म्हणजे इथे साडेतीन मिलिमीटर. भाच्याने दोन मिलिमीटरची ठेवली होती, सुबक दिसतात म्हणून. पत्र्याला चकचकीत रंग नको, मळकट राखाडी बरा. डोक्यावर पारदर्शक घुमट असल्याने ऊन सरळ पडद्यांवर येते आणि चालकाच्या पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब काचेत दिसते, म्हणून तिकडचे अनुभवी लोक गडद कपडे घालून बसतात. रात्री उलटे. चोर्ला घाटातून रात्री पणजीला येताना बसचा ड्रायव्हर आतले दिवे बंद करायला लावतो ना, तेच कारण. आतला उजेड जास्त झाला की बाहेरचे दिसत नाही. पॅनेलचे दिवे अगदी मंद करता आले पाहिजेत.

कळ वर की खाली, यावर मात्र चांगलाच वाद झाला. आपल्या घरात बटण खाली दाबले की दिवा लागतो. अमेरिकेत वर केले की लागतो, आणि तिकडच्या विमानातही वर म्हणजे चालू. भाच्याचा हात पंचवीस वर्षांत अमेरिकन झाला आहे. सूनबाई म्हणाली, घाबरले की माझा हात अजून धारवाडच्या घरातला होतो. तरीही शेवटी वर म्हणजे चालू हेच तिनेही मान्य केले. विमान उद्या तपासनीस चालवील, परवा कोणी विकत घेईल. डेन्व्हरनेही दुसऱ्याने बांधलेलेच विमान घेतले होते. घरात बारा महिने वर म्हणजे चालू असे बटण लावून हाताला वळण लावायचे, असे ठरले.

चवथीनंतर आम्ही सगळे बोगमाळोला नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो. पणजीहून तासाभराची वाट, पोरांना घेऊन जरूर जा. तिथे एचटी-२ उभे आहे, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचे, १९५१ साली पहिल्यांदा उडालेले. त्याची रचना करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपले मराठी, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले. शिकणारा आणि शिकवणारा त्यात एकामागे एक बसत. बहीण त्याच्याभोवती दोनदा फिरली. मुलाच्या विमानाबद्दल ती कधी काही बोलत नाही, नको असेही नाही आणि बरे असेही नाही. तिथे मात्र तिने त्याला विचारले, "तुझ्यात हिला सगळं पोचतं ना आता?" तो हो म्हणाला. "मग मला पण बसव एकदा," ती म्हणाली.

जायच्या आदल्या दिवशी तिने डॅशबोर्डवर ठेवायला गणपती आणला, मोटारीत असतो तसा, खाली लोहचुंबक असलेला. भाचा गप्प. पॅनेलच्या वरच होकायंत्र असते. त्याच्याजवळ लोहचुंबक आला की ते भलतीकडेच उत्तर दाखवू लागते. आईला हे सांगायचे कसे? सूनबाईनेच सांगितले. बहीण रागावली नाही. डिचोलीच्या बाजारातून तिने पितळेची बोटभर मूर्ती आणवली, पितळेचा होकायंत्राला त्रास नाही. सुटी मूर्ती हेलकाव्यात उडून कोणाला लागेल, म्हणून ती दोन स्क्रूंनी उजव्या कोपऱ्यात बसणार आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भाच्याने तिचे वजन केले आणि विमानाच्या वजनाच्या तक्त्यात बॅटरीच्या खालच्या ओळीत लिहिले: गणपती, १४० ग्रॅम.